बारा फोटोंचा मधुचंद्र

लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या आईवडिलांना काय द्यावं, हा प्रश्न मराठी मुलांना फार छळतो. चांदीचं भांडं दिलं तर आई ते कपाटात ठेवून देते. पाय चेपायचं यंत्र दिलं तर आत काय आहे ते बघायला वडील पहिल्याच दिवशी ते उघडतात. रोख रक्कम दिली तर दोघं मिळून तिची मुदत ठेव करतात आणि वारस म्हणून मुलांचीच नावं लावतात. म्हणून हल्ली मुलं सहल देतात. सहलीची मुदत ठेव होत नाही.

डोंबिवलीचे एक निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांच्या पत्नी यांना २०२४ च्या डिसेंबरात अशी सहल मिळाली. पुण्याच्या मुलाने विमानाची तिकिटं काढली, न्यू जर्सीच्या मुलीने हॉटेल ठरवलं. ठिकाण गोवा, कारण १९८४ च्या डिसेंबरात दोघं मधुचंद्राला तिथेच गेले होते. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नव्हती. मग मुलीला माळ्यावरचा अल्बम आठवला आणि तिने फर्मान काढलं, "बाबा, तेच फोटो परत काढायचे. तीच जागा, तीच पोझ. बाराच्या बारा!"

बाराच का, हे आजच्या पिढीला सांगावं लागतं. गृहस्थांनी मधुचंद्रासाठी मेहुण्याचा आग्फा क्लिक थ्री उसना नेला होता. तो भारतातल्या कित्येक घरांचा पहिला कॅमेरा. एका रोलात बारा चौकोनी फोटो निघत, आणि रोल धुणं, फोटो छापणं हा सगळा खर्च धरला तर दुसरा रोल म्हणजे उधळपट्टी. तेव्हा अख्खा मधुचंद्र बारा फोटोंत बसवायचा होता. बँकेतला माणूस; त्यांनी निघण्यापूर्वीच ठिकाणवार तरतूद करून ठेवली होती. पहिला फोटो भाऊच्या धक्क्यावर बोट सुटताना खर्ची पडला. त्यात एक हमाल उत्तम आला आहे. त्याच्या डोक्यावरच्या ट्रंकेमागे नवरी आहे, असं घरातले मानतात.

गोव्याला बोटीनेच जायचं, हा हट्ट गृहस्थांचा. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. ती पूर्ण मार्गावर धावायला १९९८ उजाडलं. एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करून घ्या, मिरजेहून मीटरगेजच्या गाडीने वास्कोला जा, नाहीतर बोट पकडा. बोट सकाळी मुंबईहून निघायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीच्या धक्क्याला लागायची. डेकवर आधी जो सतरंजी पसरेल त्याची जागा, हा कायदा. गृहस्थांनी नव्या कोऱ्या सुटात धावत जाऊन जागा धरली आणि नंतर लक्षात आलं की ती इंजिनाच्या वरची आहे.

त्या रात्री बोट लागली कुणाला, हा या घरातला सर्वांत जुना दावा. "हिला फार त्रास झाला," असं गृहस्थ चाळीस वर्षं पाहुण्यांना सांगत आले आहेत. बाईंच्या आठवणीप्रमाणे रत्नागिरी मागे पडल्यापासून पहाटेपर्यंत कठड्याला धरून ओणवी उभी होती ती व्यक्ती सुटात होती. बाईंनी तेव्हा सूट घातला नव्हता. पुरावा एकच, फोटो क्रमांक दोन, आणि तो हललेला आहे. बाई म्हणतात, काढणाऱ्याचं पोट हलत होतं म्हणून. गृहस्थ म्हणतात, समुद्र हलत होता.

या वेळी समुद्राचा प्रश्न आला नाही. विमान सव्वा तासात पोचलं. त्याआधी डोंबिवलीहून विमानतळ गाठायला आणि तिथे बूट-पट्टा काढून उभं राहायला त्याच्या चौपट वेळ गेला, पण ते प्रवासात मोजायचं नसतं. मुलाने स्वस्त पडलं म्हणून मोप्याचं तिकीट काढलं होतं. हा पेडणे तालुक्यातला नवा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. बाहेर येऊन गृहस्थांनी दिशा पाहिल्या आणि जाहीर केलं, "इथून सावंतवाडी जवळ आहे. खरं तर आपण तिकडेच जायला हवं. लाकडी खेळणी मिळतात."

टॅक्सीचं भाडं ऐकल्यावर त्यांनी हा प्रस्ताव पुन्हा गंभीरपणे मांडला.

गाडीत बसल्यावर त्यांचं गणित सुरू झालं. १९८४ ची हिशेबाची वही त्यांनी बरोबर आणली होती. (अशी वही जपून ठेवणाऱ्या माणसाबरोबर चाळीस वर्षं राहणं ही स्वतंत्र लेखाची बाब आहे.) "दहा टक्क्यांनी ठेवले असते," ते म्हणाले, "तर रुपयाचे चाळीस वर्षांत पंचेचाळीस होतात. म्हणजे आपला तो मधुचंद्र आजच्या हिशेबात..." आकडा त्यांनी पुटपुटला आणि स्वतःच घाबरले.

"मग ठेवायचे होते. मी माहेरीच थांबले असते," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

चालकाला मध्ये बोलावंसं वाटलं असावं, कारण त्याने गाण्यांचा आवाज वाढवला.

हॉटेलात निराळाच घोटाळा होता. आरक्षण करताना मुलीने 'प्रसंग' या रकान्यात हनीमून निवडलं होतं. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम, मध्ये केक, आणि टॉवेल दुमडून केलेले दोन राजहंस चोचीला चोच लावून बसलेले. बाईंना ते हंस इतके आवडले की त्यांनी मोडायला बंदी केली. गृहस्थ आंघोळ करून आले तेव्हा खोलीत दुसरा टॉवेल नव्हता. त्यांनी स्वागतकक्षाला फोन लावला आणि, गोव्यात आल्यावर प्रत्येक मराठी माणूस बोलतो ती, म्हणजे मराठीच पण नाकातून, अशी कोंकणी बोलायला सुरुवात केली. पलीकडचा मुलगा ओडिशाचा होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "सर, डॉक्टर भेजूं?"

पाकळ्यांचा पुढे त्रासच झाला. त्या झटकताना काही गादीखाली गेल्या, बाकीच्या गृहस्थांच्या कंबरेच्या पट्ट्याला चिकटल्या. रात्री दोघांनी मिळून जी एकमेव गोष्ट एकमताने मागितली, ती म्हणजे कडक गादी.

दुसऱ्या दिवशी फोटोंची मोहीम सुरू झाली आणि पहिल्याच चौकात वाहतूक अडली. गर्दी कसली, म्हणून विचारलं तर कळलं, जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या पार्थिवाचं दर्शन सुरू आहे. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या बघण्याला चाळीस वर्षांचा संदर्भ होता. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारलेल्या या संताचं पार्थिव जुन्या गोव्यात आहे, आणि दर दहा वर्षांनी ते बॉम जेझूच्या चर्चमधून से कॅथेड्रलमध्ये नेऊन लोकांसाठी ठेवतात. आधीचं २०१४-१५ मध्ये, या सहलीच्या वेळचं २०२४-२५ मध्ये. उलटं मोजत गेलं की १९८४-८५ येतं. म्हणजे या जोडप्याने मधुचंद्राला जो मुहूर्त धरला, त्याच मुहूर्तावर देशोदेशीचे भाविक गोव्यात उतरले होते. गृहस्थांनी खोलीचं आरक्षण केलं नव्हतं. "गोव्यात काय, कुठेही मिळेल," हे त्यांचं १९८४ चं वाक्य आजही घरात सणासुदीला उद्धृत होतं. शेवटी चर्चजवळच्या एका घरात, केरळहून आलेल्या यात्रेकरूंच्या मोठ्या कुटुंबाशेजारी, मध्ये चादर लावलेली अर्धी खोली मिळाली. चादरीपलीकडे रात्री उशिरापर्यंत प्रार्थना चालायची.

यातली खरी गोम पुढे आहे. दर्शन दहा वर्षांनी येतं. लग्नाचे गोल वाढदिवसही दहा वर्षांनी येतात. १९८४ च्या डिसेंबरात लग्न केलेल्या माणसाने दहाव्या, विसाव्या, तिसाव्या किंवा चाळिसाव्या वाढदिवसाला गोव्यात पाय ठेवला की समोर रांग असणारच. हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही, आणि संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या त्यांच्या दोन्ही मुलांच्याही नाही.

"पन्नासाव्याला आपण महाबळेश्वरला जाऊ," बाई म्हणाल्या.

पणजीत पहिला थांबा आबे फारियाचा पुतळा. जुन्या सचिवालयाला लागून, मांडवीच्या काठी, झगा घातलेला एक पुरुष हात पसरून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री मागे कलंडते आहे. नवा पर्यटक आधी पोलीस चौकी शोधतो. फारिया हा १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेला गोंयकार पाद्री. पॅरिसला जाऊन संमोहनाचे प्रयोग करून गाजला, आणि द्यूमाने आपल्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'त त्याच्या नावाचा कैदी घातला. १९८४ मध्ये गृहस्थांनी पुतळ्यासमोर तसाच हात पसरला होता आणि नवी नवरी लाजत तशीच मागे कलली होती. दोघं एका फोटोत यायला काढणारा तिसरा हवा, म्हणून तेव्हा एका शेंगदाणेवाल्याला कॅमेरा दिला होता.

आता हात पसरायला अडचण नव्हती. खांदा आखडलाय, पण अर्ध्यापर्यंत जातो. कलंडण्याचं काय? बाईंच्या दोन्ही गुडघ्यांबद्दल डॉक्टरांचं मत प्रतिकूल होतं. "कलते मी," त्या म्हणाल्या, "पण मग मला इथेच ठेवून जावं लागेल." शेवटी त्या शेजारच्या कठड्यावर बसल्या आणि गृहस्थांनी त्यांच्या डोक्यावर हात धरला. फोटो पाहून न्यू जर्सीहून उत्तर आलं, "बाबा, आईला ताप आहे का?"

पुलाच्या फोटोत तर मूळ मुद्दाच बुडालेला होता. अल्बममध्ये पान तिसरं: मांडवीवरच्या नेहरू पुलाच्या कठड्याला टेकून नवरदेव, चेहऱ्यावर आयुष्यभर साथ देण्याचा निर्धार. तो पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. पुढे बरीच वर्षं लोक फेरीबोटीने नदी ओलांडत, नवा पूल १९९२ ला झाला. मुलीला हे कळवल्यावर ती म्हणाली, आता आहे त्या पुलावर काढा. आता आहेत ते एकाहून जास्त. त्यातला सर्वांत देखणा अटल सेतू २०१९ चा, पण त्यावर दुचाकीलाही मज्जाव, तिथे टेकून कोण उभं राहू देणार? गृहस्थांनी चालत्या टॅक्सीतून फोटो काढला. त्यात चालकाचा कान आहे.

टॅक्सी तरी या वेळी एक होती. पहिल्या खेपेला ते 'पायलट'ने फिरले होते. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन प्रवासी नेणारे हे पायलट गोव्याची खासियत, आजही नाक्यानाक्यावर उभे असतात. मागे एकच प्रवासी बसतो. त्यामुळे नवपरिणीत जोडप्याने दोन पायलट केले, आणि लग्नानंतर आठवडा व्हायच्या आत बाई एका परक्या पुरुषाच्या मागे बसून मिरामारकडे गेल्या. गृहस्थांचा पायलट पेट्रोल भरायला थांबला. अर्ध्या तासाने ते पोचले तेव्हा बायको त्या दुसऱ्या पायलटशी मासळीच्या भावावर बोलत होती. "फार सज्जन माणूस होता," बाई आजही म्हणतात, आणि दरवेळी गृहस्थ खोकतात.

दोना पावलाला दोन शुभ्र पुतळे आहेत, एक पुरुष आणि एक बाई, एकाची नजर पूर्वेला, दुसऱ्याची पश्चिमेला. कड्यावरून उडी घेतलेल्या प्रेमिकांचे ते पुतळे, असं तिथे हमखास सांगितलं जातं. १९८१ च्या 'एक दुजे के लिए'नंतर तर नवविवाहितांची तिथे रीघच लागली. आमच्या जोडप्यानेही त्या अमर प्रेमापुढे मान तुकवून फोटो काढला होता. वास्तविक ती प्रेमिकांची जोडी नव्हेच. युर्सा फॉन लाइस्टनर या जर्मन शिल्पकर्तीने १९६९ मध्ये केलेलं ते 'इमेज ऑफ इंडिया' नावाचं शिल्प आहे. गृहस्थांनी हे मोबाइलवर वाचून दाखवल्यावर बाई म्हणाल्या, "मला तेव्हाच शंका आली होती. एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत, म्हटलं ही लग्न झालेलीच दिसतात." शेजारी एक मार्गदर्शक आपल्या गटाला 'सिंघम' सिनेमातला धक्का दाखवत होता. २०११ पासून तिथे प्रेमापेक्षा पोलीस अधिक चालतात.

समुद्रातल्या फोटोसाठी कळंगुट गाठलं. मूळ फोटोत गृहस्थ कंबरभर पाण्यात, हात कमरेवर, छाती पुढे. पॅंट दुमडायला सुरुवात केली तेव्हाच पॅरासेलिंगवाला, जेट स्कीवाला, टॅटूवाली आणि डोक्याला मालिश करणारा असे चौघं आले. मालिशवाल्याने डोक्याकडे पाहिलं आणि तो आपणहून निघून गेला. गृहस्थ गुडघाभर पाण्यात पोचतात तोच शिट्टी वाजली. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक नेमलेले आहेत आणि ते आपलं काम मनापासून करतात.

"अंकल, बाहेर या!"

"अहो, मी फक्त फोटोपुरता चाललोय. कंबरभर."

"लाल बावटा दिसत नाही का?"

"चौऱ्याऐंशी साली नव्हता!"

जीवरक्षकाने त्यांचा दंड धरून त्यांना वाळूवर आणलं. बाईंनी नेमका तोच क्षण टिपला, आणि गंमत म्हणजे मोहिमेतला हा सर्वांत सुंदर फोटो. वाचवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव हवेत ते सगळे त्यात आहेत. कुटुंबाच्या गटावर त्याला नातेवाइकांचे हात जोडलेले बत्तीस प्रतिसाद आले, आणि सांगलीच्या आत्याने घाबरून फोन केला.

नारळाच्या झाडाला टेकलेला नवरा, हा फोटो कुठेही जमला असता, पण मुलीला पर्रा गावचा तो माडांमधला रस्ताच हवा होता. तिथे बारा-तेरा जोडपी रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि गावातली एक बस हॉर्न वाजवत होती. या फोटोवाल्यांना कंटाळून २०१९ मध्ये पंचायतीने छायाचित्रणावर स्वच्छता कर लावला होता, त्यावर बरीच ओरड झाली. पणजीतल्या फोंतान्यशमध्येही रंगीत घरांच्या दारांवर 'फोटो काढू नये' असे फलक आहेत. गृहस्थांची सहानुभूती संपूर्णपणे गावकऱ्यांच्या बाजूने होती. "लोकांना काही कामधंदा नाही," असं ते माडाला टेकून, पोट आत घेऊन, बायको मोबाइलचं बटण शोधेपर्यंत मोठ्याने सांगत होते.

फोटो क्रमांक अकराचा विषय फेणीची बाटली. तिच्याबद्दल घरात बोलत नाहीत. ती परतीच्या बोटीत ट्रंकेत फुटली आणि खाली बाईंचा शालू होता, एवढं पुरे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गृहस्थांनी पेपरातली ती बातमी उत्साहाने वाचून दाखवली होती. त्या दिवशी स्वयंपाकघरातून फक्त भांड्यांचा आवाज आला.

राहिला बारावा. मिरामारच्या वाळूवर दोघं हातात हात घालून उभे आहेत. अख्ख्या अल्बममधला हा एकमेव प्रेमाचा फोटो आणि तो एका वाटसरूने काढला होता. त्याने पायांची नखं आणली, हातातला चुडा आणला, मागे भलं मोठं आकाश ठेवायची त्याला गरज वाटली नाही. फोटो दोघांच्या हनुवटीखाली संपतो. डोकी नाहीत. मुलीचा नियम मात्र ठाम होता: "सेम टू सेम."

जवळच एक नवं जोडपं होतं. मुलीच्या हातात कोपरापर्यंत लाल चुडा, मुलगा नाशिकचा. गृहस्थांनी त्याला अदबीने विनंती केली, आमचा एक फोटो काढा, पण डोकी येऊ देऊ नका.

"काका, म्हणजे?"

"गळ्यापर्यंत. वर काही नको."

मुलाने प्रयत्न केला. पण मोबाइल चेहरा दिसला की चौकट धरून बसतो. मुलाचाही हात आपसूक वर जायचा. शिवाय एकदा बटण दाबलं की वीस निघत. शेवटी साठेक फोटोंत दोघांची डोकी होती, पाय एकाही फोटोत नव्हते. "सॉरी काका," तो म्हणाला, "असं मुद्दाम नाही जमत."

मग रिवाजाप्रमाणे त्याने आपला मोबाइल पुढे केला. गृहस्थांनी दोघांना हातात हात घ्यायला लावलं. ऊन कुठून येतंय ते पाहिलं. दोन पावलं मागे गेले, एक पुढे आले. मुलाला सदऱ्याचं बटण लावायला सांगितलं. श्वास रोखला आणि एक फोटो काढला. "झालं," म्हणाले, आणि मोबाइल परत दिला.

"एकच?"

"एक पुरतो."

मुलाने पडदा बघितला, मोठा करून बघितला, मग बायकोला दाखवला. वाळू, चार पावलं, चुडा, सदऱ्याचं लावलेलं बटण. हनुवटीपाशी फोटो संपला होता. बाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि त्या मुलाला म्हणाल्या, "बाळा, हा माझ्या मोबाइलवर पाठवशील? अमेरिकेत मुलीला पाठवते. डोकी नाहीत, तिला काय कळणार आहे?"

"अगं, पण पोट?" गृहस्थ कुजबुजले.

"म्हणू, चालून चालून उतरलं."